पाच-नऊ

जत्रेच्या मैदानावर, शेळ्यांच्या शेडमध्ये, रेडिओवाल्यांचा वार्षिक बाजार भरला होता आणि वेंडेल हॉस्किन्सचा आवाज नेहमीप्रमाणे फाटकापासूनच ऐकू येत होता. गुरांचे लिलाव पुकारण्यात त्याचा जन्म गेला. आता लिलाव सुटले, बायको गेली, गाडी चालवताना एकदा भोवळ आली म्हणून डॉक्टरांनी गाडीही सोडायला लावली. पण आवाज होता तसाच राहिला. कुणाच्या कानात काही सांगायला वाकला, तर पलीकडच्या टेबलावरचा माणूस "हो का?" म्हणून वळून बघायचा.

हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे घरबसल्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांची, जमातच अशी, की घरात मुंगीला शिरायला जागा नसली तरी वर्षातून एकदा पाय या शेडकडे वळतातच. कुणी पिकअपच्या मागच्या फळीवर जुने डबे मांडून बसतो, कुणी वायरींची भेंडोळी, आणि दुपारी सगळे एकमेकांचंच सामान विकत घेऊन घरी जातात. वेंडेल दरवर्षी ऑरिन टीगच्या गाडीतून यायचा. यंदा ऑरिन नव्हता, आणि वेंडेल त्याच्याचसाठी सेट शोधत फिरत होता.

ऑरिन दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. वेंडेलची दहा वाक्यं व्हायची तेव्हा त्याचं एक व्हायचं, आणि तेही वेंडेल मध्येच तोडायचा. समोरासमोर बसले की ऑरिनच्या वाट्याला फक्त 'हं' यायचं. पण रेडिओवर ही दांडगाई चालत नाही. ज्याच्या बोटाखाली बटण दाबलेलं, पाळी त्याची; तो बटण सोडेपर्यंत दुसऱ्यानं गप्प बसायचं. त्यामुळे या दोघांची खरी मैत्री झाली ती रेडिओवर. रोज सकाळी, पहिली कॉफी पोटात गेली की, गावामागच्या टेकडीवरच्या मनोऱ्यामार्फत दोघं बोलायचे. ऑरिन सावकाश सांगायचा: रात्री दहिवर पडलं का, टोमॅटोला फूल धरलं का, पोर्चवरच्या दिव्यात घरटं करणारी चिमणी यंदा आली का. आणि सगळा जिल्हा ज्याला बडबड्या म्हणून ओळखत होता तो वेंडेल गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत बसायचा. त्याची बायको नेडीन म्हणायची, "तुला गप्प करणारा जगात एकच माणूस निघाला, आणि तोही हळू आवाजाचा."

गेल्या हिवाळ्यात ऑरिनचा कंपवात बळावला. हात थरथरायला लागले, आवाज खाली खाली गेला. मुलगी डार्लीन त्याला आपल्या गावी घेऊन गेली, कोलंबस शहराच्या पलीकडे, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका घरात ठेवलं. मध्ये एवढ्या टेकड्या, की त्याचा जुना सेट तिथून इकडे पोचणं शक्य नव्हतं. आणि छपरावर अँटेना लावू द्यायला ते घर तयार नव्हतं.

फोन होता की, असं कुणीही म्हणेल. फोन करून झाला होता. फोनवर दोघांचीही तोंडं एकाच वेळी उघडी. ऑरिन शब्द जुळवत असायचा आणि मधली ती शांतता वेंडेलला सोसायची नाही; तो ऑरिनचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, तेही चुकीचं. मुलगी तेच करायची, नर्स तेच करायच्या. सगळ्यांना त्याची दया यायची आणि सगळे मिळून त्याला बोलू द्यायचे नाहीत. शेवटी ऑरिननं फोन कानाला लावणंच सोडलं. डार्लीननं वेंडेलला कळवलं, "बाबा म्हणतात, रेडिओ असता तर बोललो असतो."

म्हणून हा डिजिटल सेट. त्याच्या जोडीला काडेपेटीएवढी एक डबी घ्यायची आणि ती इंटरनेटला जोडायची. मग मध्ये टेकड्या असोत नाहीतर समुद्र, आवाज पोचतो. रेडिओवाल्यांच्या क्लबानं तिथे एक खोलीही धरून ठेवली होती. खोली म्हणजे नुसता एक नंबर, पण त्या नंबरावर जो बटण दाबेल त्याचं नाव बाकीच्यांच्या पडद्यावर उजळायचं आणि मागोमाग त्याचा आवाज यायचा.

मॅक्सीन टूमीचं टेबल शेवटच्या खणात होतं. रुग्णवाहिकांना रेडिओवरून वाटा सांगण्यात तिनं सगळी नोकरी काढली होती, आणि सेटमधलं तिला न कळणारं असं क्लबात कुणाला माहीत नव्हतं.

"काय पाहिजे?" तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"स्वस्त आणि मस्त."

"दोन्ही एकत्र मिळत असतं तर मी दुसरं लग्न केलं असतं. कुणासाठी घेतोयस?"

"ऑरिनसाठी."

मॅक्सीनची थट्टा तिथेच थांबली. तिनं डोनटचा खोका बाजूला सारला आणि तीन सेट पुढे ओढले. पहिला सगळ्यात स्वस्त, पण बटणं मक्याच्या दाण्याएवढी. ऑरिनचं बोट एका वेळी चार दाबणार. दुसरा जुना, वापरलेला, पण चांगल्या घरचा. त्याला शर्टाच्या कॉलरला अडकवायचा वेगळा माईक होता. पडदा मात्र बोटभर, आणि किंमत इतरांच्या दुप्पट. तिसरा नवा कोरा, चीनमधून आलेला. अक्षरं मोठी, बटण अंगठ्याएवढं रुंद, आणि खिशाला परवडणारा.

"हा दुसरा घे," मॅक्सीन म्हणाली. "याचा माईक तोंडापाशी राहतो. पुटपुटलं तरी उचलतो. तिसऱ्याचा माईक जरा मठ्ठ आहे."

"पडदा बघ ना त्याचा. ऑरिनला भिंग घेऊन बसावं लागेल."

"पडदा बघायचाय का बोलायचंय? आणि एक ध्यानात ठेव, डिजिटलचं आपल्या जुन्या सेटसारखं नसतं. जुन्यावर माणूस लांब गेला की खरखर वाढते, पण त्या खरखरीतून तो ऐकू येत राहतो. यात एकतर अगदी स्वच्छ, नाहीतर काहीच नाही. अधलंमधलं नसतंच."

"मला खरखर नकोच आहे. नेडीन गेल्यापासून घरात तेवढीच ऐकतोय."

"ऑरिननं यावर बोलून पाहिलंय का?"

"तो तिकडे आणि सेट इथे. कसा बोलेल? थांब, मीच दाखवतो."

तिसरा सेट घेऊन वेंडेल ताडताड शेडबाहेर गेला, घोड्यांच्या रिंगणाच्याही पलीकडे, आणि तिथून त्यानं पुकारा केला, "एकवार, दोनवार! हा उमदा बैल जातोय हो, तीनवार!" मॅक्सीनच्या टेबलावरच्या सेटमधून आवाज असा खणखणीत निघाला की चार टेबलांवरची माणसं हसत उभी राहिली. कुणी टाळ्याही वाजवल्या.

"तुझ्या आवाजाला सेट कशाला लागतो?" तो परत आल्यावर मॅक्सीन म्हणाली. "खिडकी उघडलीस तरी कोलंबसला पोचेल. मी ऑरिनच्या आवाजाचं म्हणतेय."

"अगं बटण बघ केवढंय! थरथरत्या हाताला याहून काय पाहिजे?"

ते खरंच होतं, म्हणून मॅक्सीननं दुसरा सेट मागे सारला. वेंडेलनं ऑरिनच्या हाताचा विचार केला होता, डोळ्यांचा केला होता, स्वतःच्या खिशाचाही केला होता. घसा तेवढा त्यानं स्वतःचा धरून मापला. त्यानं तसलेच दोन घेतले, एक ऑरिनला आणि एक आपल्याला.

घरी आल्यावर त्यानं ऑरिनच्या सेटची सगळी तयारी हौसेनं केली. सेटच्या पडद्यावरच्या यादीत आसपासचा गोंगाट दाबून टाकायची एक सोय होती. त्या घरात दिवसभर टीव्ही चालू, गाड्यांवरून ताटं खडखडत जाणार, असा विचार करून वेंडेलनं ती सोय शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवली. नेडीनची शेवटची वर्षं असल्याच एका घरात गेली होती. तिथला गोंगाट त्याला ठाऊक होता. डार्लीन बापाचं घर आवरायला आली तेव्हा सेट आणि डबी तिच्या हातात देताना तो म्हणाला, "म्हाताऱ्याला सांग, झऱ्याच्या पाण्यासारखा आवाज येईल."

पहिल्या सकाळी वेंडेल कॉफी निवेपर्यंत सेटसमोर बसून राहिला. पडद्यावर 'ऑरिन' अशी अक्षरं उजळली आणि थोडा बारीक, पण ओळखीचा आवाज आला. "वेंडेल. इथली कॉफी... फार पातळ आहे."

वेंडेलच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पाच-नऊ, ऑरिन!" तो ओरडला. "पाच-नऊ!"

पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. समोरच्याचा आवाज कसा येतो हे त्याला लगेच सांगायचं, ही या लोकांची रीत. शब्द किती कळतात त्याला पाचापैकी गुण, जोर किती त्याला नवापैकी. आणि इथे या जमातीत दोन पंथ पडतात. वेंडेल उदार पंथाचा. कुणीही कुठूनही बोलो, शब्द कळो न कळो, हा आपला दिलदारपणे म्हणायचा, "पाच-नऊ, झकास! नाव काय म्हणालात, पुन्हा सांगा." ऑरिन दुसऱ्या पंथाचा. तो जिवलग मित्रालाही कोरड्या आवाजात ऐकवायचा, "तीन-चार. तुझ्या अँटेनाचा स्क्रू बघ." वेंडेल शिव्या घालत शिडी लावायचा आणि स्क्रू खरोखरच सैल निघायचा. "ऐकू आलं नाही तर नाही म्हणावं," ऑरिन म्हणायचा. "खोटे गुण देऊन काय मिळतं? समोरचा बिचारा बोलत राहतो."

मे महिना छान गेला. ऑरिन दोन-तीन वाक्यं बोलायचा, मग दमायचा. तो वाक्य जुळवत असताना त्याचं नाव पडद्यावर उजळलेलं राहायचं आणि वेंडेल, ज्यानं फोनवर त्याची सगळी वाक्यं मोडली होती, तो ते नाव विझेपर्यंत हूं की चूं करायचा नाही.

जूनमध्ये शब्द तुटायला लागले. एका वाक्यातून दोन-तीन यायचे, मग एखादाच. आणि एका सकाळी ऑरिनचं नाव उजळलं, बराच वेळ उजळलेलं राहिलं, विझलं, आणि आवाज म्हणून आलाच नाही. खरखर नाही, श्वास नाही, काही म्हणजे काही नाही.

"ऑरिन, काही आलं नाही रे. पुन्हा सांग."

नाव पुन्हा उजळलं. या वेळी त्याहून जास्त वेळ. वेंडेलनं सेट कानाला घट्ट लावला. पुन्हा विझलं.

"नाहीच आलं, ऑरिन. पुन्हा बोल."

तिसऱ्यांदा नाव उजळलं आणि लगेच विझलं. पुन्हा उजळलं, विझलं. वेंडेलला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: तो थरथरणारा अंगठा, गोळा करून आणलेला श्वास, मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारा माणूस. आता आणखी एकदा 'पुन्हा सांग' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

नाव चौथ्यांदा उजळून विझलं तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "हां! आता आलं बघ! पाच-नऊ, ऑरिन! अगदी बरोबर बोललास, अगदी!"

पडद्यावरचं नाव तत्काळ उजळलं, आणि मग कितीतरी वेळ उजळलेलंच राहिलं.

त्या दुपारी वेंडेलनं डार्लीनला फोन केला. खरं काय ते तिला सांगायचं असं ठरवूनच केला. पण तीच आधी बोलली. "काका, तुम्ही काय जादू केलीत हो? बाबांचा आवाज आम्हाला अगदी तोंडाजवळ कान नेला तरच कळतो. दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. पण सकाळी तुमच्याशी बोलले की तरतरीत असतात. म्हणतात, वेंडेलला सगळं ऐकू येतं."

"सेट चांगला आहे," वेंडेल म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग तेच सुरू झालं. सकाळी कॉफी, ऑरिनचं उजळलेलं नाव, आणि शांतता. नाव विझलं की वेंडेल म्हणायचा, "पाच-नऊ! अगदी, अगदी!" आणि स्वतःकडची काही बातमी सांगायचा: कुणाची गाय विकली, कुणाचा कुत्रा हरवला. क्लबातल्या एकानं कुरकुर केली, की कुणीतरी बटणावर बसून राहतंय, खोली अडते. वेंडेलनं त्याला असा झाडला की पुन्हा कुणी ब्र काढला नाही.

सेट तपासावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण तो सेट त्यानं निवडला होता, सगळ्या बाजारासमोर वाजवून दाखवला होता. दोष सेटमध्ये असेल हे त्याच्या मनाला शिवेना. आजार आहे, घसाच गेला असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. स्वतःची निवड चुकली असं मानण्यापेक्षा मित्राचा आवाज गेला असं मानणं त्याला सोपं गेलं, हे सांगायला बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

आणि तो भेटायलाही गेला नाही. ऑगस्टमध्ये मॅक्सीननं विचारलं, "शनिवारी मी कोलंबसला चाललेय. वाटेत तुला ऑरिनकडे सोडते. येतोस?"

"पुढच्या वेळी. गुडघा धरलाय जरा."

"गुडघा तुझा काल क्लबात बरा होता."

"काल काल होता."

गुडघ्याला काही झालं नव्हतं. त्याला त्या घराची भीती वाटत होती: जमीन पुसायच्या औषधाचा वास, भिंतीकडे तोंड करून बसवलेली माणसं, दाराशी पोचल्यावर नेडीननं विचारलेलं 'तुम्ही कोण?'. रेडिओवर ऑरिन अजून ऑरिन होता. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत उजळत होतं. वेंडेलला ते नाव तसंच राहायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये, मेपलची पानं लाल होऊन गळत असताना, ऑरिन गेला.

दफन गावातच झालं. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं: हॅमचे काप, चीज घालून खिरीसारखी दाट केलेली बटाट्याची भाजी, आणि भोपळ्याची गोड पाई. क्लबाचे बहुतेक जण आले होते. वेंडेलनं चार ठिकाणी ऑरिनच्या गोष्टी सांगून माणसांना हसवलं होतं आणि त्याचं त्यालाच कसंतरी होत होतं. तेवढ्यात डार्लीन एक कागदी पिशवी घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली. पिशवीत सेट होता.

"हा तुम्हीच ठेवा, काका. बाबांचा जीव होता यावर." मग ती म्हणाली, "आणि मनाला लावून घेऊ नका हं. तुम्हाला गाडी मिळाली नसणार. मी बाबांना तसंच सांगत होते."

"कसली गाडी?"

"यायला. बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना, एकदा येऊन जा म्हणून? मला म्हणाले, वेंडेलला विचारलं, हो म्हणाला. मी म्हटलं, खरंच हो म्हणाले का? तर म्हणाले, पाच-नऊ म्हणाला. अगदी, अगदी म्हणाला."

वेंडेलच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"मग दर शनिवारी तपकिरी चौकड्यांचा शर्ट घालून मागायचे. बटणं लावायला नर्सला किती वेळ लागायचा! खुर्ची खिडकीशी, फाटक दिसेल अशी. रागावले नाहीत हो कधी. म्हणायचे, त्याला गाडी चालवायची बंदी आहे, कुणीतरी आणायला पाहिजे. येईल." डार्लीननं डोळे पुसले. "शेवटच्या शनिवारीही घातला होता शर्ट. आज त्याच शर्टात पाठवलं त्यांना."

वेंडेलनं पिशवी उचलली आणि जिना चढून तो बाहेर गेला. मॅक्सीन मागोमाग आली.

चर्चच्या अंगणात, तिच्या पिकअपच्या फळीवर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. मॅक्सीननं एका शब्दानं मध्ये तोडलं नाही. मग पिशवीतला सेट काढून तिनं चालू केला, यादी उघडली, आणि खाली खाली जात एका ठिकाणी थांबली.

"हे शेवटपर्यंत कुणी वाढवलंय?"

"मी. तिथे टीव्हीचा गोंगाट असतो म्हणून."

मॅक्सीननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुझा सेट चालू कर आणि इथेच बस," ती म्हणाली. जवळ असले की हे सेट डबीशिवायही आपसांत बोलतात. ती ऑरिनचा सेट घेऊन अंगणाच्या पार टोकाला गेली, वेंडेलकडे पाठ करून उभी राहिली. वेंडेलच्या पडद्यावर 'ऑरिन' ही अक्षरं उजळली. आवाज आला नाही. उन्हाळाभर आला नव्हता तसाच. अक्षरं विझली. मॅक्सीननं वाकून सेटवर काहीतरी केलं, आणि अक्षरं पुन्हा उजळली.

"वेंडेल," सेटमधून कुजबुज आली. फाटकी, बारीक, पण शब्दन् शब्द कळेल अशी. "वेंडेल, मी अगदी हळू बोलतेय. ऐकू येतंय का?"

वेंडेलनं दोन्ही हातांनी फळीची कड धरली.

मॅक्सीन परत आली तेव्हा तो म्हणाला, "सेटनं त्याला गोंगाट समजून दाबलं."

"सेटला काय कळतं?"

"मी दोनदा विचारलं होतं, मॅक्सीन. पुन्हा सांग म्हणून. तिसऱ्यांदा विचारवेना मला. त्याचे हाल बघवेनात."

"मग मला तरी सांगायचंस, ऐकू येत नाही म्हणून," मॅक्सीन म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि रडूही होतं. "चार महिने, वेंडेल! एक बटण फिरवायचं काम होतं."

तळघरातून माणसं वर यायला लागली होती, कारण शेवटच्या हाकेची वेळ झाली होती. रेडिओवाला गेला की क्लबाचे सगळे आपापले सेट चालू करतात. एक जण गेलेल्याला तीनदा हाक मारतो, दर हाकेनंतर उत्तरासाठी थांबतो, आणि उत्तर आलं नाही की 'हे स्टेशन आता बंद झालं' असं जाहीर करतो. हाक मारायचं काम क्लबात कायम वेंडेलचं. आवाजच तसा होता.

मॅक्सीननं पिकअपमध्ये डबी जोडली. जे आले नव्हते ते घरोघरी सेट लावून बसले होते. अंगणात माणसं अर्धवर्तुळ करून उभी राहिली, टोप्या हातात. ऑरिनचा सेट मॅक्सीननं डार्लीनच्या हातात दिला. निदान आजच्या दिवस तो तिच्याकडेच असावा.

वेंडेलनं बटण दाबून ऑरिनचं नाव पुकारलं. थांबला. दुसऱ्यांदा पुकारलं. थांबला. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला, आणि तो पुन्हा थांबला. आता जाहीर करायचं आणि सगळ्यांनी सेट बंद करायचे. लोकांचे हात बटणांकडे गेलेही. पण वेंडेलनं पुन्हा बटण दाबलं.

"ऑरिन, मी वेंडेल बोलतोय." हा आवाज लिलावाचा नव्हता. तो इतका खाली गेला होता की समोर उभ्या असलेल्या माणसांनाही सेट कानाशी न्यावे लागले. "जूनपासून रोज तुला पाच-नऊ दिलं मी. खोटं होतं ते. तुझं एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं. तू ये म्हणालास, तेही नाही."

डार्लीननं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बापाचा सेट तिनं दोन्ही हातांत घेऊन छातीशी धरला.

"ऐकू आलं नाही, ऑरिन," वेंडेल म्हणाला. "पुन्हा सांग. मी थांबतो."

त्यानं अंगठा उचलला. अंगणात कुणी हललं नाही, घरी बसलेल्यांपैकी कुणी बटण दाबलं नाही. पडद्यावर कुणाचंच नाव आलं नाही. वेंडेल सेट कानाशी धरून उभा राहिला, ऑरिनला एक वाक्य जुळवायला जेवढा वेळ लागायचा तेवढा, आणि मग त्याहूनही जास्त.